जस्ताऐवजी चंदेरी रंग

सुमनआत्यांनी पिशवीतून पत्र काढलं तेव्हा पंगत अजून बसायची होती. किशोरला जाऊन दहा वर्षं झाली होती. माघातल्या त्याच्या श्राद्धाला आत्या दरवर्षी सकाळच्या एसटीनं कळवणहून नाशिकला येत, आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी काहीतरी काम सांगून टाकत.

"रंगा, हे आधी वाच. संस्थेनं दिलंय. जेवल्यावर माझा डोळा लागतो, मग राहून जाईल."

रंगनाथ शेवाळ्यांनी चष्मा लावला. पत्र एका पानाचं होतं. कळवण तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात जेवणघराच्या छतावर सोलर हीटर बसवायचे ठरले होते. थंडीत मुली गार पाण्यानं आंघोळी करतात, त्यांचे हाल बघवत नाहीत, असं लिहिलं होतं. हीटरबरोबर पाण्याच्या चार मोठ्या टाक्याही छतावर चढणार होत्या. तेव्हा ज्यांनी छताचा लोखंडी सांगाडा दिला, त्यांनी तो तपासून लोखंड आणि त्यावरचा जस्ताचा थर ठीक असल्याचा दाखला द्यावा, एवढीच विनंती होती.

"दाखल्याचं काय, सविता देईल उद्या," रंगनाथ म्हणाले, आणि पत्र धाकट्या मुलाकडे, दीपककडे सरकवलं. सरकवताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं नाही.

दारात सविता उभी होती. किशोरची बायको, या घरची थोरली सून. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं. तिनं ते ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले, आणि पुन्हा उचलून बाहेर आली. पंगत बसल्यावर सगळ्यांना खीर वाढली. दीपकच्या पानाशी वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, आत्ता काही बोलू नका."

त्या जेवणघराच्या दारावर किशोरच्या नावाची संगमरवरी पाटी होती. वसतिगृहाला ती इमारत शेवाळ्यांनी त्याच्या पहिल्या श्राद्धाला, सत्त्याण्णव साली, बांधून दिली होती. सांगाडा अंबडच्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातला. तिथं एकच काम चाले: लोखंड ॲसिडच्या टाकीत स्वच्छ धुवायचं आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचं. रंगनाथांनी बावीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून काढली होती. वाफेनं आणि राखेनं कठडे कसे कुरतडले जातात हे त्यांनी रोज पाहिलेलं. जस्त चढवलेलं लोखंड तेवढं टिकतं, कारण गंजायची पाळी आली की जस्त आधी झिजतं आणि लोखंड मागं राहतं, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

सवितालाही त्यांनी ते तसंच सांगितलं होतं. किशोर मालेगावहून परतताना आग्रा रोडवर अपघातात गेला तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि पदरात अकरा वर्षांची स्नेहल. दीड महिना ती खोलीबाहेर पडली नाही. मग एका सकाळी सासरे दाराशी येऊन म्हणाले, "चल, चप्पल घाल." कुसाबाईंनी, सासूबाईंनी, लोक काय म्हणतील म्हणून अडवलं, तेव्हा त्यांनी बायकोला पहिल्यांदाच गप्प केलं होतं. कारखान्यात एका टेबलापाशी नेऊन त्यांनी सविताच्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र दिलं. जस्ताचा थर किती मायक्रॉनचा बसलाय ते त्यावर दिसे. "कागदावर आकडा यंत्राचा लिहायचा," ते म्हणाले होते, "मालकाचा नाही."

आणि वर्ष भरायच्या आत त्याच टेबलाशी येऊन त्यांनी तिला मालकाचा आकडा लिहायला लावला.

झालं होतं असं, की उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना केटल फुटली. केटल म्हणजे वितळलेल्या जस्ताची लांबलचक पोलादी टाकी. ते जस्त टाकीची भिंतही आतून खात असतं, त्यामुळं काही वर्षांनी टाकी बदलावीच लागते. शेवाळ्यांनी ती बदलायला उशीर केला होता. एका दुपारी ती तळाशी फुटली, सगळं जस्त खाली भट्टीत उतरलं आणि तिथंच गोठलं. जेवणघराचे खांब आणि छत पेलणाऱ्या तिकोनी कैच्या तोवर बुडवून झाल्या होत्या. राहिले होते ते पर्लिन, म्हणजे छताचे पत्रे ज्यांच्यावर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या. नवी केटल यायला दोन महिने लागणार होते. दीपकनं दोन माणसं लावली आणि सगळ्या पर्लिनना ब्रशनं चंदेरी रंग मारला. उन्हात ठेवल्यावर बुडवलेलं कोणतं आणि रंगवलेलं कोणतं, लांबून कळत नव्हतं.

"तारीख किशोरची आहे सविता, ती पुढं ढकलता येत नाही," रंगनाथ म्हणाले होते. "पावसाळा संपला की उतरवून आणू आणि बुडवू. माझा शब्द. आत्ता दाखल्यावर सही कर."

तिनं सही केली. पावसाळा संपला. नवी केटल आली, तिच्यात दुसऱ्यांचे टॉवर आणि दुसऱ्यांचे खांब बुडत राहिले. दिवाळीत तिनं आठवण केली, तेव्हा ते "बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा केली, तेव्हा ते उठून बाहेर गेले. त्यानंतर तिनंही विषय काढला नाही. हे तिलाच नंतर सगळ्यात जास्त लागलं: की आपण तिसऱ्यांदा विचारलं नाही.

जेवणं झाली. आत्यांनी सुपारी कातरायला घेतली. रंगनाथ कॉटवर टेकले, दीपक खुर्चीत. स्नेहल, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, खिडकीत पाय वर घेऊन बसली होती.

"दादा, मी सही करणार नाही," सविता सासऱ्यांना म्हणाली.

अडकित्ता थांबला. "का गं?" आत्यांनी विचारलं. "कारखान्यात कामं फार आहेत का? तसं असलं तर पुढच्या सोमवारपर्यंत वेळ आहे. टाक्या चढवायची माणसं सोमवारी यायचीत."

सवितानं रंगनाथांकडे पाहिलं. त्यांनी सांगावं म्हणून ती थांबली, बरीच थांबली. ते उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून दाबत बसले होते.

मग तिनंच सांगितलं. केटल, रंग, सही, सगळं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"म्हंजे," कुसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या नावाचं छत खोटं हाय?"

"खोटं काय आई," दीपक म्हणाला, "खांब पक्के आहेत, कैच्या पक्क्या आहेत. फक्त पर्लिन. रंग काय कमी टिकतो का? लोक घरांना रंगच मारतात."

"घराच्या छताखाली दोन चुलाणं दिवसभर वाफ सोडत नाहीत, भाऊजी," सविता म्हणाली. "महिन्यापूर्वी मी गेले होते. स्वयंपाकाच्या बाजूला बोल्टांच्या खाली तांबडे ओघळ आलेत. तिथल्या धोंडाबाई म्हणाल्या, वरून तांबडी माती पडते, रोज झाडावी लागते. ती माती नाही."

"रंगा," आत्यांचा आवाज बदलला. "दोनशे मुली बसतात रे त्याच्याखाली. आपल्या डोंगराकडच्या लेकी. आईबाप उसाच्या फडात, नाहीतर द्राक्षाच्या बागेत. विश्वासानं ठेवून जातात. आणि तू मला कधी बोलला नाहीस?"

दीपकनंच उत्तर दिलं.

"आत्या, तुम्ही संस्थेच्या कमिटीवर कशा आलात? दादांनी हॉल दिला म्हणूनच ना? उद्या हे बाहेर पडलं तर पहिलं तुम्हालाच विचारतील. भावाला पाठीशी घातलंत म्हणतील. तुम्हाला माहीत नव्हतं हे कोण ऐकणार?"

आत्यांनी सुपारीचं खांड डबीत टाकलं आणि झाकण लावलं. त्या बोलल्या तेव्हा सविताच्या बाजूला बसलेल्या असूनही सविताकडे बघत नव्हत्या.

"असं केलं तर? टाक्यांचं मी लांबवते, काहीतरी सांगून. मे महिन्यात मुली घरी जातात. तेव्हा तुम्ही ट्रक घेऊन या, पट्ट्या उतरवा, नीट करून बसवा. देखभाल म्हणायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"झालं की मग!" दीपक खुर्चीत पुढं सरकला.

रंगनाथांनी मान वर केली. "करतो. मी स्वतः उभा राहून करून घेतो."

खोलीत हायसं वाटल्यासारखं झालं. कुसाबाईंनीसुद्धा पदरानं तोंड पुसलं. सगळ्यांनी सविताकडे पाहिलं, आणि तिला जाणवलं की आता फक्त आपल्याच 'हो'ची वाट आहे. तो मार्ग वाईटही नव्हता. महिनाभर आधी कुणी सुचवला असता तर तिनं धरला असता.

"आणि मेपर्यंत मुली जेवणार कुठं?" तिनं विचारलं.

"नऊ वर्षं जेवल्याच ना?" दीपक म्हणाला.

म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. तो उठून पाणी प्यायला आत गेला.

"मी उद्या कळवणला जाते," सविता म्हणाली. "मोजते, आणि जे असेल ते सांगते."

"तुला त्या टेबलावर मी बसवलं," रंगनाथ म्हणाले. चढा आवाज नव्हता. त्यांनी तिच्यावर कधीच आवाज चढवला नव्हता. "आठवतं?"

"आठवतं, दादा."

"मग एवढं एक माझ्यासाठी नाही व्हायचं तुझ्याकडून?"

या माणसानं तिला पुन्हा उभं केलं होतं. तो तिच्याशी एक दिवसही वाईट वागला नव्हता, आणि त्यामुळंच तिला अवघड जात होतं.

तेव्हा स्नेहल खिडकीतून उतरली. सविताला वाटलं, ही येऊन आपल्याजवळ उभी राहील.

"आई, दरवर्षी मला तिथं न्यायचीस तू," स्नेहल म्हणाली. "बाबांच्या पाटीला हार घालायला. मी त्या मुलींबरोबर जेवायला बसायचे. तुला माहीत होतं, तरी बसवायचीस?"

"तेव्हा नवं होतं, इतक्यात काही..."

"तू माझ्याशी तरी बोलायचंस ना. मी कॉलेजात हेच शिकतेय. गंज कसा चढतो, थर किती लागतो. तुझ्याकडे बघून ही लाइन घेतली मी. सगळ्यांना सांगत फिरले, माझी आई आकडा बदलत नाही."

ती जिना चढून वर गेली. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुसाबाई उठून खरकटी ताटं एकात एक ठेवू लागल्या. सविता मदतीला वाकली, तर त्यांनी ताटं आपल्याकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती जुन्या सीबीएसवरून कळवणच्या गाडीत बसली. निघताना स्नेहलच्या दाराशी उभी राहिली होती, पण आत हालचाल नव्हती आणि तिनं हाक मारली नाही. दिंडोरी गेलं, वणी गेलं. मांडीवरच्या पिशवीत यंत्र, एक चाकू आणि वही होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "देवीच्या गडावर का?" सविता म्हणाली, "नाही, कामाला." बाईनं मग खिडकीकडे तोंड केलं.

वसतिगृहाच्या अधीक्षिका लताबाई गावित यांनी तिला ओळखलं. दरवर्षी हार घेऊन येणाऱ्या बाई. "पुन्हा एकट्याच?" त्यांनी विचारलं. दाखल्यासाठी आल्या असं समजून त्यांनी शिडी आणवली आणि धोंडाबाईंना ती धरायला सांगितलं.

सवितानं पदर खोचला आणि चढली. आधी खांब घेतले. यंत्र टेकवलं, ब्याण्णव. दुसरा, अठ्ठ्याऐंशी. कैच्यांवर ऐंशीच्या खाली काही नव्हतं. नऊ वर्षांच्या धुरानं काळवंडलेलं ते लोखंड चाकूनं खरवडलं तर आत जस्त तसंच राखाडी, घट्ट बसलेलं. ते किशोर असताना आलेल्या मालातलं होतं. तिचा हात त्यावर थोडा रेंगाळला.

मग ती पर्लिनकडे वळली. रंगाचे पोपडे चाकू लागताच सुटले आणि खाली तांबडं भुसभुशीत लोखंड लागलं. यंत्र टेकवण्यात अर्थच नव्हता. शिडी सरकवत सरकवत ती चुलाणांच्या बाजूला आली. तिथल्या एका पर्लिनच्या टोकाशी तिनं अंगठ्यानं दाबलं, तर हाताएवढा पापुद्रा सुटून खाली फरशीवर फुटला. बोल्ट जागच्या जागी होता. पण बोल्टानं धरून ठेवावं असं लोखंड त्याच्याभोवती उरलं नव्हतं. भोक झिजत झिजत पट्टीच्या काठापर्यंत गेलं होतं. ती पट्टी निव्वळ पत्र्याच्या आधारानं वर होती. पलीकडच्या दोन तशाच.

ती खाली उतरली आणि तिनं चाकू पुसून पिशवीत टाकला.

"खांब आणि कैच्या उत्तम आहेत," ती लताबाईंना म्हणाली. "वरच्या आडव्या पट्ट्यांना जस्त चढवलेलंच नाही. नुसता रंग आहे. त्या कुजल्यात. टाक्या चढवू नका. आणि मुलींना आजपासून इथं बसवू नका."

लताबाईंना समजायला क्षणभर लागला. "पण तुमचा दाखला आहे ना आमच्याकडे? फाइलला आहे. मी स्वतः पाहिलाय."

"तो खोटा आहे. सही माझी आहे. लिहिताना मला माहीत होतं."

त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. "धोंडाबाई, पातेली व्हरांड्यात काढा. आज तिकडंच वाढा."

मुली ताटं घेऊन आल्या आणि दारातूनच व्हरांड्याकडे वळवल्या गेल्या. आमटीचं पातेलं जड होतं. सवितानं एका बाजूचा कान धरला, तर लताबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या." त्या आवाजात राग नव्हता. फक्त परकेपणा होता. तिनं ऑफिसात बसून तीन पानी निवेदन लिहिलं, खाली तारीख घातली, आणि दुपारच्या गाडीनं परत आली. दिवसभरात तिला पाणी विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि तिलाही ते मागायचं सुचलं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. तिसऱ्या दिवशी रंगनाथ स्वतः कळवणला गेले. कमिटीपुढं उभे राहून त्यांनी सांगितलं की हुकूम माझा होता, सुनेनं तो पाळला. आत्यांनी कमिटी सोडली. कुसाबाईंनी नवऱ्याबरोबर निरोप पाठवला होता: छत नीट होईस्तोवर माझ्या पोराचं नाव दारावरून काढून ठेवा. ती पाटी काढून पोत्यात बांधून ठेवली. लगेच कामाला माणसं लागली. पट्ट्या उतरवून अंबडला आणल्या, कुजलेल्या फेकून नव्या घेतल्या, सगळ्या जस्तात बुडवल्या. तपासणीला संस्थेनं बाहेरचा माणूस नेमला. रंगनाथ भट्टीच्या आचेत शेवटची पट्टी निघेपर्यंत उभे होते, असं सविताच्या कानावर आलं. कानावरच, कारण ती तिथं नव्हती. टेबलावर दीपकनं दुसरा माणूस बसवला होता.

तिला कुणी घरातून जा म्हटलं नाही. पण रंगनाथ तिच्याशी बोलेनासे झाले. ती समोर आली की ते वर्तमानपत्र उचलत, आणि आपल्यामुळं म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरात तोंड लपवावं लागतं हे तिला बघवेना. सिन्नरला टॉवर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम मिळालं. जाण्यायेण्याला सोयीचं म्हणून तिनं नाशिकरोडला जेल रोडवर एक खोली घेतली. स्नेहल परीक्षेपर्यंत आजीकडेच राहते म्हणाली. परीक्षा संपली, तरी तिथंच राहिली. फोन केला की "अभ्यास आहे" किंवा "बाहेर निघालेय" म्हणायची. सविता संध्याकाळी कुकरमध्ये एका वाटीचा भात लावी आणि उरलेला सकाळी परतून डब्यात नेई. कधीकधी दोन दिवस कामाशिवाय एक शब्द बोलणं होत नसे.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं त्या रविवारी ती कळवणला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. समारंभ वगैरे नव्हता. किशोरची पाटी पुन्हा दारावर लागली होती, आणि अंगणात मुलींना सोडायला आलेल्या आईबापांची गर्दी होती. दुपारपर्यंत एकेक करत ते सगळे परतीच्या गाड्यांना निघून गेले. जेवणघरात पंगती बसल्या. सविता दाराशी उभी होती. शेवटच्या रांगेत एक सहा-सात वर्षांची मुलगी, पत्र्याची पेटी मांडीशी धरून, रडून झाल्यावर नुसती बसली होती.

"तुमी कोनाची आई?" तिनं विचारलं.

"स्नेहलची."

"कितवीला हाय ती?"

"मोठी आहे. कॉलेजात जाते."

"मंग ती हितं नाय?"

"नाही."

मुलीनं विचार केला. "माजी आई बी गेली," ती म्हणाली, आणि पेटी ओढून शेजारी जागा केली.

सविता खाली बसली. धोंडाबाई भात वाढत वाढत तिच्यापाशी आल्या, थांबल्या, आणि ओळीतल्या इतर पानांसारखंच एक ताट तिच्यापुढं ठेवून पुढं गेल्या. लताबाईंनी लांबून पाहिलं. मग त्या पुढच्या रांगेकडे वळल्या. मुलीला आमटी तिखट लागली, तेव्हा सवितानं तिचा भात कालवून दिला.

चारची गाडी यायला वेळ होता. स्टँडवरच्या नाणं टाकायच्या फोनवरून तिनं सासरच्या, इंदिरानगरच्या घराचा नंबर फिरवला. कुसाबाई उचलतील असं तिला वाटलं होतं. उचलला स्नेहलनं.

"मी बोलतेय."

मागं एसटीचा हॉर्न वाजला.

"कुठून बोलतेस?" स्नेहलनं विचारलं.

"कळवणहून. हॉल उघडला आज."

मग, ऐकू यायला कठीण अशा आवाजात, "जेवलीस का?"

"हो. तिथंच जेवले. मुलींच्या पंगतीत."

स्नेहल त्यावर काहीच बोलली नाही. पण तिनं फोनही ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. वेळ संपत आल्याची टुणटुण सुरू झाली, तशी सवितानं रिसीव्हर कानाशी दाबून धरला, पर्समध्ये चाचपून दुसरं नाणं काढलं, आणि आत टाकलं.